‘नैसर्गिक अभिनय’ आणि अकलूजची एक शाळकरी मुलगी : ‘सैराट’नंतरच्या प्रतिसादाचं प्रकरण

२०१९च्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या परीक्षा केंद्रासाठी पोलीस बंदोबस्त मागितला गेला. कॉपी पकडायला नव्हे. कला शाखेची एक परीक्षार्थी तिथे येणार होती आणि तिला बघायला गर्दी उसळेल अशी धास्ती होती. मुलगी सतरा वर्षांची. तिचा पहिला चित्रपट येऊन तीन वर्षं होत आली होती. तिच्यावर कुणाचा राग होता म्हणून पोलीस लागत होते असंही नाही. ती सगळ्यांची लाडकी होती, हीच अडचण होती.

चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांत तरुण कलाकारांवरच्या टीकेचा विषय निघाला की लोक लगेच शिवीगाळ, मीम, ट्रोलिंग यांच्यावर येतात. मी मुद्दाम या मुलीचं, रिंकू राजगुरूचं, प्रकरण पुढे ठेवतो. कारण इथे सुरुवातीला शिवी नव्हतीच. होतं ते प्रेम, आणि आम्हा समीक्षा लिहिणाऱ्यांचं तोंड भरून कौतुक. तरीही शेवट शाळा सुटण्यात आणि पेपराला पोलीस लावण्यात झाला. कौतुकापासून बंदोबस्तापर्यंतची ही वाट नेमकी कशी पडली, ते बघू.

काय घडलं, त्याच्या तारखा

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यांच्या पुढच्या चित्रपटासाठी, म्हणजे ‘सैराट’मधल्या आर्चीच्या भूमिकेसाठी, अकलूजची रिंकू निवडली गेली तेव्हा ती सातवीत होती. आईवडील शिक्षक, घरात अभिनयाची परंपरा नाही, नाटकाचं प्रशिक्षण नाही. तिच्यासमोर परश्याच्या भूमिकेत आकाश ठोसर. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, कुस्तीच्या तालमीतून आलेला.

पुढच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या की थोडं गरगरतं. फेब्रुवारी २०१६ : ‘सैराट’ बर्लिन महोत्सवात, किशोर आणि तरुण प्रेक्षकांसाठीच्या विभागात. २८ मार्च : ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा, रिंकूला विशेष उल्लेख. २९ एप्रिल : चित्रपट महाराष्ट्रभर प्रदर्शित. ३ मे : दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. आणि ३ जूनला तिला पंधरावं वर्ष पूर्ण झालं. म्हणजे आर्ची पाटील नावाचं वादळ राज्यभर घोंघावत होतं, त्या पहिल्या पाच आठवड्यांत ते वादळ अंगावर घेणारी मुलगी चौदा वर्षांची होती.

तो उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. साताऱ्याकडच्या रहिमतपूरसारख्या गावात मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ लागलं की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला धावायचे. काही ठिकाणी चित्रपटगृहात पोलीस उभे करावे लागले. सुमारे चार कोटींत झाल्याचं सांगितलं जाणाऱ्या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. मराठीत असं तोवर झालं नव्हतं. गाड्यांच्या काचांवर, रिक्षांच्या पाठीवर, हातगाड्यांवर आर्ची-परश्या आले. बुलेटवर बसलेली कुठलीही मुलगी दिसली की मागून ‘ए आर्ची’ अशी हाक ठरलेली.

डिसेंबरपर्यंत बातमी आली : रिंकू अकलूजच्या शाळेत आता नियमित जाणार नाही, दहावीची परीक्षा बाहेरून देणार, सतरा नंबरचा फॉर्म भरून. शाळेत आणि शाळेच्या वाटेवर होणारी गर्दी हे कारण. वर्गातल्या मुलींबरोबर बसणं, मधल्या सुट्टीत डबा खाणं, इतकी साधी गोष्ट तिला परवडेनाशी झाली होती. दरम्यान ‘सैराट’चा कन्नड अवतार झाला आणि त्यातही नायिका तीच, ‘मनसु मल्लिगे’ मार्च २०१७च्या अखेरीस आला. म्हणजे दहावीचं वर्ष अभ्यास, चित्रीकरण आणि गर्दी या तिन्हींत वाटलेलं.

मग जूनमध्ये निकाल लागला आणि वर्तमानपत्रांनी तिचे गुण छापले : ६६.४० टक्के. काहींनी विषयवार गुणही दिले. महाराष्ट्रात त्या दिवशी लाखो मुलामुलींचा निकाल लागला होता. त्यांतल्या सासष्ट टक्क्यांवाल्यांना घरच्या चार माणसांची बोलणी खावी लागली असतील. हिच्या इंग्रजीच्या गुणांवर अख्खं राज्य विनोद करत होतं, कारण चित्रपटातलं तिचं सर्वांत गाजलेलं वाक्य इंग्रजीत सांगण्याबद्दलचं होतं.

‘ती अभिनय करतच नाही’

आता मूळ मुद्द्याकडे. गर्दी का झाली, याचं सोपं उत्तर म्हणजे चित्रपट तुफान चालला. पण तुफान चाललेले चित्रपट अनेक असतात आणि त्यांच्या नायिकांच्या दारात माणसं जमतात ती ‘नटी’ बघायला. अकलूजला माणसं आर्ची बघायला जात होती. हा फरक बारीक वाटतो, पण या प्रकरणाची मेख त्यातच आहे. नटीला सही मागतात. आर्चीला ‘तो डायलॉग म्हणून दाखव’ म्हणतात. नटीने नकार दिला तर ती गर्विष्ठ ठरते. आर्चीने नकार दिला तर ‘आपली पोरगी’ बदलली असं होतं.

ही गल्लत लोकांच्या अडाणीपणातून झाली असं म्हणून आपण समीक्षकांनी हात झटकू नयेत. त्या वेळचं मराठीतलं लेखन आठवून पाहा. रिंकूबद्दल लिहिताना आम्ही कोणती विशेषणं वापरली? नैसर्गिक. सहज. अस्सल. रांगडी. आणि सर्वांत लाडकं : मातीतली. (शहरातल्या बालकलाकाराला कुणी ‘सिमेंटमधला’ म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.) मी स्वतः तेव्हा एका छोट्या अंकासाठी लिहिलेल्या परीक्षणात ‘ही मुलगी अभिनय करतच नाही, ती जगते’ असं वाक्य टाकलं होतं आणि ते लिहून झाल्यावर स्वतःवर खूश झालो होतो. आज ते वाचताना कानशिलं तापतात.

कारण हे वाक्य कौतुकासारखं दिसतं आणि काम करतं हिरावून घेण्याचं. अभिनय करत नाही म्हणजे मग काय करते? ती आहेच तशी. ती आहेच तशी, म्हणजे आर्ची अकलूजमध्ये राहते. आणि आर्ची अकलूजमध्ये राहत असेल, तर गाडी काढून तिला बघून यायला हरकत काय?

वास्तविक चित्रपटात काय आहे ते शांतपणे पाहिलं तर ‘ती तशीच आहे’ हा दावा एका रिळात कोसळतो. आर्ची ही गावावर राज्य करणाऱ्या बागायतदार पुढाऱ्याची लेक. माणसं आपल्याला वाट करून देणार हे गृहीत धरून चालणारी. विहिरीवर पोरांना बाहेर निघायला सांगते तेव्हा तिच्या आवाजात विनंतीचा लवलेश नसतो, आणि चिडही नसते. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाचा तो सपाट आवाज आहे. शिक्षक आईबापाच्या घरात वाढलेल्या शाळकरी मुलीला हा आवाज जन्मतः मिळत नाही. तो कमवावा लागतो.

उत्तरार्धात तर याहून अवघड काम आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत आल्यावर हाच आवाज हळूहळू बसत जातो. तिला स्वयंपाक येत नाही, वास सहन होत नाही, भाषा कळत नाही. हुकूम द्यायला कुणी उरलेलं नाही. ती रडते ते नायिकेसारखं नाही; थकलेल्या, लाज वाटणाऱ्या पोरीसारखं. मग ती कामाला लागते, तेलुगू शिकते, मार खाते, निघून जाते, परत येते, आई होते. चालण्यातला ताठा गेलेला असतो आणि त्या जागी संसारी बाईचा एक वेगळा, कमी बोलका ठामपणा आलेला असतो. अनेक वर्षांचं वय शरीरातून दाखवायचं आणि ते दाखवणारी स्वतः शाळकरी मुलगी. याला ‘जगते’ म्हणायचं? ती कुठे जगली होती हे? हा अभिनय आहे, भरपूर कष्टाचा, दिग्दर्शकाने दिवसरात्र घासून घेतलेला आणि मुलीने जीव लावून केलेला.

गंमत अशी की राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी प्रेक्षकांच्या आधी, महिनाभर अगोदर, या कामाची नोंद कामगिरी म्हणून घेतली होती. त्या निवडीत ‘आर्ची’ या लाटेचा प्रभाव असण्याचं कारणच नव्हतं. लाट आलीच नव्हती. नंतर आलेल्या लेखनाने मात्र पुरस्काराचाही उपयोग ‘बघा, गावाकडची पोर दिल्लीला पोचली’ एवढ्याच कथेसाठी केला. कामगिरी गेली, नशीब राहिलं.

एक जुना दाखला द्यायला हवा. ‘फँड्री’तल्या जब्याच्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि शालू झालेली राजेश्वरी खरात त्या वेळी शाळकरी वयातच होती. चित्रपट येऊन दशक उलटल्यावरही राजेश्वरीने एखादा फोटो टाकला की खाली जब्या, काळी चिमणी आणि राख यांवरून शेरे पडतात. (शालूने प्रेमात पडावं म्हणून जब्या काळी चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकायला धडपडतो.) त्या चित्रपटात तिच्या वाट्याला संवाद फारच थोडे होते. तरी पात्र चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा ‘सैराट’मध्ये जे झालं ते अपवादात्मक नव्हतं, फक्त आकाराने प्रचंड होतं.

विरोधही आर्चीलाच

प्रेम करणारे जसे पात्राला भेटायला जात होते, तसे चिडलेलेही पात्रालाच जाब विचारत होते. ‘शाळा-कॉलेजातली पोरं बिघडतील’ हा आक्षेप पहिल्या महिन्यातच आला. पळून जाणाऱ्या जोडप्यांच्या बातम्यांना ‘सैराट’ हे विशेषण लागू लागलं आणि आजही लागतं. खोट्या प्रतिष्ठेपायी झालेल्या खुनाच्या बातमीलासुद्धा ‘सैराटची पुनरावृत्ती’ असं शीर्षक देतात, म्हणजे चित्रपटाने ज्याच्याकडे बोट दाखवलं ते पापही त्याच्याच नावावर. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांच्या दिवसांत या चित्रपटाचं नाव वादात ओढलं गेलं. पाटलाची मुलगी अशी दाखवलीच कशी, हा प्रश्न जातीचा होता आणि तो दिग्दर्शकाला विचारला जाणं समजू शकतं. मंजुळे यांनी जातीबद्दल चित्रपट केला होता. त्यावर वाद होणारच, व्हायलाही हवा.

जातीच्या बाजूने झालेली समीक्षा मला त्या वेळच्या लेखनातली सर्वांत सकस वाटते. मुलगी वरच्या जातीची आणि मुलगा खालच्या, शिवाय धाडस करणारी मुलगी आणि लाजणारा मुलगा, ही उलथापालथ अनेकांनी नीट उलगडून दाखवली. काहींनी हैदराबादचा भाग रेंगाळतो म्हटलं, काहींना तोच चित्रपटाचा आत्मा वाटला. शेवटच्या निःशब्द मिनिटांनी नाचत आलेल्या प्रेक्षकाला कसं जमिनीवर आपटलं याबद्दल तर पानंच्या पानं लिहिली गेली. पण या उत्तम लेखनातही रिंकू कुठे होती? आर्ची होती, तिची जात, तिचं लिंग, तिचं धाडस. ते साकारणाऱ्या मुलीच्या कामावर चार वाक्यं, आणि त्यांत ‘नैसर्गिक’ हा शब्द हमखास.

म्हणजे पाहा : चाहत्यांना आर्ची हवी, विरोधकांना आर्ची नको, अभ्यासकांना आर्ची समजून घ्यायची. तिघांच्याही खोलीत रिंकू उभी होती आणि तिघांनाही ती दिसत नव्हती.

नियम काय म्हणत होते

एवढ्या लहान मुलीच्या संरक्षणाची काही तजवीज होती की नाही, हा प्रश्न शिबिरात हमखास येतो. होती, पण ती कुठे संपते ते बघण्यासारखं आहे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं २०११च्या सुमारास आली, ती मुख्यतः दूरचित्रवाणी मालिका, रिअ‍ॅलिटी शो आणि जाहिरातींतल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. पुढे २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी घालताना कलाकार मुलांना अटींसह सूट मिळाली. २०१७च्या नियमांत त्या अटी आल्या : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, शाळेत खंड पडू नये याची हमी, मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. २०२२ मध्ये आयोगाने नव्या मसुद्यात ओटीटी आणि समाजमाध्यमांवरच्या मुलांनाही आत घेतलं.

‘सैराट’चं चित्रीकरण या दुरुस्तीच्या आधीचं, तेव्हा निर्मात्यांनी नियम पाळले की मोडले हा इथला मुद्दाच नाही. मुद्दा असा की आजचे नियम जरी तेव्हा असते, तरी या प्रकरणात त्यांचा फारसा उपयोग झाला नसता. ही सगळी यादी तास मोजते, कॅमेरा चालू असतानाचे. कायद्याच्या दृष्टीने काम म्हणजे चित्रीकरण. ते संपलं, पैसे मिळाले, मुदत ठेव झाली की विषय मिटला. इथे तर मुलीचं खरं ओझं चित्रपट पूर्ण झाल्यावर सुरू झालं. सत्कार, उद्घाटनं, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम, दर ठिकाणी तेच वाक्य, दर ठिकाणी सेल्फी. हे तास कुणाच्या वहीत लिहायचे? शिवाय नियमांतलं ‘मूल’ चौदाव्या वर्षी संपतं. प्रदर्शनाच्या दिवशी रिंकूने ती रेषा ओलांडलेली होती.

शाळेबद्दलची अट तर फारच बोलकी आहे. चित्रीकरणामुळे शाळा बुडू नये याची काळजी नियम घेतो. तिची शाळा प्रेक्षकांमुळे सुटली.

परश्याची तुलना

आकाश ठोसरलाही तीच गर्दी भेटली. तोही त्याच मुलखातला, तोही पहिलाच चित्रपट, त्यालाही ‘परश्या’ म्हणून हाका. पण तो तेविसाच्या घरातला पैलवान होता. गाव सोडून पुण्या-मुंबईला राहायचं ठरवलं तर ठरवू शकत होता. त्याच्या हजेरीपटाची चिंता कुणाला नव्हती, त्याचे गुण छापायला कुणी जिल्ह्याच्या निकालाची वाट बघत नव्हतं. २०१७ मध्ये महेश मांजरेकरांच्या ‘एफयू’त तो पूर्ण शहरी रूपात आला, लोकांना तो रुचला नाही आणि त्यांनी तसं सांगितलं. कठोर असेल, पण ती एका प्रौढ नटाच्या कामावरची प्रतिक्रिया होती.

दोघांना पोस्टरवर शेजारी शेजारी पाहून आपण कधी मनात वयाची वजाबाकी केली का? मी केली नव्हती. आठ-नऊ वर्षांचं अंतर आहे. पडद्यावर दोघं एका वर्गात बसतात, म्हणून आपण बाहेरही त्यांना एकाच वर्गात बसवलं. दोघांच्या ‘खऱ्या’ प्रेमाच्या अफवा चघळणाऱ्या मजकुराला त्या वेळी तोटा नव्हता, आणि त्यातली एक बाजू शाळकरी मुलगी आहे हे कुणालाच खटकत नव्हतं. मला या प्रकरणातली ही सर्वांत ओंगळ गोष्ट वाटते. सासष्ट टक्क्यांवरचे विनोद तिच्यापुढे काहीच नाहीत.

कौतुकाची काठी

२० जुलै २०१८ला ‘सैराट’चा नवा अवतार ‘धडक’ आला. हिंदीत, उदयपुरात, जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर यांच्यासह. जात पातळ केली, धग गेली, ही टीका रास्तच होती आणि ती दिग्दर्शक-निर्मात्यांच्या खात्यावर जमा व्हायला हवी होती. पण आपल्याकडे ती फार लवकर ‘कुठे आमची आर्ची आणि कुठे ही’ इथे येऊन थांबली. जान्हवी म्हणजे पहिलाच चित्रपट करणारी, त्याच वर्षी फेब्रुवारीत आई, अभिनेत्री श्रीदेवी, गमावलेली एकवीस वर्षांची मुलगी. तिच्यावर उगारायला आपण रिंकूची काठी केली. घराणेशाहीचा राग खरा आहे. मात्र त्या रागातही पुन्हा तोच शब्द राबवला गेला : रिंकू ‘नैसर्गिक’, जान्हवी ‘कृत्रिम’. एका मुलीचं कष्टाचं काम निसर्गाच्या नावावर मांडायचं आणि तेच दुसरीच्या डोक्यात घालायचं.

या शब्दाची परतफेड रिंकूला पुढे स्वतःलाच करावी लागली. मकरंद माने यांचा ‘कागर’ बारावीची परीक्षा उरकल्यावर, २६ एप्रिल २०१९ला आला. पार्श्वभूमी ग्रामीण राजकारणाची, नायिका पुढाऱ्याची मुलगी. प्रतिक्रिया दोनच साच्यांत पडल्या : ‘आर्चीच वाटते’ किंवा ‘आर्चीसारखी वाटत नाही’. जी अभिनय करतच नाही असं एकदा ठरवलं, तिने दुसरी भूमिका केली तर ती एकतर तेच करतेय किंवा बिघडलीय. तिसरी जागाच शिल्लक नाही. नट वाढतो, चुकतो, नवं शिकतो ही शक्यता ‘नैसर्गिक’ या शब्दात बसत नाही. निसर्ग काही तालीम करत नाही. त्यानंतर तिने ओटीटीवर काम केलं, लारा दत्तासोबत ‘हंड्रेड’ केली, ‘२०० हल्ला हो’ केला, २०२२ मध्ये मंजुळे यांच्याच ‘झुंड’मध्ये छोट्या भूमिकेत आली. यांतल्या प्रत्येक वेळी बातमीच्या मथळ्यात आर्ची होती.

‘कागर’ मला मध्यम वाटला आणि तिचं काम काही प्रसंगांत तुटक वाटलं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. टीका होऊ नये असं माझं म्हणणं नाहीच. उलट तिच्या कामावर नीट, तपशिलात टीका झाली असती, या प्रसंगात आवाज चढलेला राहतो, इथे थांबायला हवं होतं अशी, तर ती अधिक सन्मानाची ठरली असती. तशी टीका करायची तर आधी ते काम आहे हे मान्य करावं लागतं.

शिबिरात यावर एक प्रतिप्रश्न नेहमी येतो : ‘सर, पण मंजुळेंनीच तर नवखी, गावातली मुलं शोधून घेतली. अस्सलपणासाठीच ना?’ प्रश्न खोडसाळ नाही. बोलीचा कस, चेहऱ्याचा रंग, उन्हात वावरायची सवय या गोष्टी निवडीत नक्कीच मोलाच्या ठरल्या. पडद्यावर मराठी नायिका कशी दिसते याची चौकट त्या निवडीने मोडली, आणि असंख्य मुलींना पहिल्यांदाच आपल्यासारखी कुणी तिथे दिसली. त्यांचं आर्चीवरचं प्रेम मी कमी लेखणार नाही; बुलेट शिकलेल्या, बापाशी पहिल्यांदा वर मान करून बोललेल्या मुलींनी आर्चीचं नाव घेतल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. पण निवड ही सुरुवात असते. कच्चा माल चांगला होता म्हणून कापड आपोआप विणलं गेलं असं कुणी विणकराच्या तोंडावर म्हणणार नाही.

शिबिरात शेवटी एक काम देतो. ‘सैराट’मधला कुठलाही एक प्रसंग घ्या आणि रिंकूने त्यात काय केलं ते लिहा, पण नैसर्गिक, सहज, अस्सल, मातीतली हे चार शब्द वापरायचे नाहीत आणि ‘आर्ची’ हे नावही नाही. सुरुवातीची दहा मिनिटं सगळे पेन चावत बसतात. मग कुणीतरी तिच्या खांद्यांबद्दल लिहितं. कुणी ती बोलायच्या आधी किती वेळ थांबते ते मोजतं. एका मुलीने फक्त ती झोपडीच्या दारात कशी वाकते एवढ्यावर पानभर लिहिलं होतं : पहिल्या दिवशी वाकताना डोक्याला लागेल की काय अशी दचकते, नंतर न बघता वाकते.

२०१९च्या मे अखेरीस बारावीचा निकाल लागला. बाहेरून दहावी दिलेल्या, पोलिसांच्या पहाऱ्यात पेपर लिहिलेल्या मुलीला ८२ टक्के मिळाले. या वेळी विनोद झाले नाहीत, अभिनंदनच झालं. ‘आर्ची बारावी पास’. बोर्डाच्या कागदावर मात्र प्रेरणा राजगुरू असं नाव होतं. ते तिचं खरं नाव.